भरतीच्या तयारीतल्या मुलाचे जेवण तुटते तेव्हा

पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुलाने जेवण कमी केले, तर गावात त्याचे कौतुकच होते, आणि त्यामुळे त्याचा आहारविकार उशिरा लक्षात येतो. मुळात २०१३ पर्यंत मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत ॲनोरेक्सियासाठी, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडण्याच्या आजारासाठी, पाळी थांबणे हा एक निकष होता. पुरुष त्यात बसणार कसा? भाकरीचे तुकडे ताटाच्या कडेला सारणे, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडणे, दुकानातल्या धान्याच्या काट्यावर दिवसातून तीनदा उभे राहणे, रात्री चोरून भरमसाट खाऊन दुसऱ्या दिवशी कडक उपास धरणे, असे काही आठवडे चालले असेल तर मुलगा वाळलेला दिसण्याची वाट पाहू नये. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग ओकण्याच्या किंवा उपास धरण्याच्या आजारात, वजन पुष्कळदा नेहमीइतकेच राहते.

आधी त्याच्याशी एकट्यात बोलावे. ‘किती वाळलास’ म्हणण्यापेक्षा ‘जेवल्यावर तुला त्रास होतो का?’ असे विचारलेले बरे. तो गप्प राहिला, तर घरच्यांनी स्वतः १४४१६ या टेली मानसच्या, म्हणजे शासनाच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या, निःशुल्क क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

पुढे जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. वर्धेकडच्या लोकांना सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, तर नागपूरकडच्यांना तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सोयीचे पडते. डॉक्टरांना नुसते ‘पोट बिघडले’ सांगितले, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन परतावे लागेल. ‘घशात बोट घालून ओकतो’ हे स्पष्ट सांगावे. नाडी, रक्तदाब, पोटॅशियम आणि ईसीजी यांची तपासणी मागून घ्यावी. भरतीत कळेल ही भीती खरी असते, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

उपचारांचा मुख्य भाग म्हणजे समुपदेशन. ते आठवड्याला एकदा याप्रमाणे कित्येक महिने चालते, म्हणून एसटीचे वेळापत्रक पाहूनच वार ठरवावा आणि काही भेटी फोनवर होतील का, हे विचारून ठेवावे. बुलिमियात फ्लुओक्सेटिन हे औषधही दिले जाते.

चक्कर, छातीत धडधड किंवा फार मंद नाडी दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अनेक दिवस उपाशी असलेल्याला मायेने तूप-भात भरपूर भरवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण अशा शरीरात एकाएकी अन्न गेले तर रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयावर ताण येतो. आहार किती आणि कसा वाढवायचा, तसेच धावणे पुन्हा केव्हा सुरू करायचे, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.