फेझंटच्या मोसमाआधी: सराव जॅकेट घालूनच

अमेरिकेतल्या मिनेसोटात फेझंट या कोंबड्यासारख्या रानपक्ष्याच्या शिकारीचा मोसम ऑक्टोबरच्या मध्याला उघडतो, पण नेमाची तयारी ऑगस्टमध्येच सुरू करा. बूट, पाणी, केशरी टोपी यांवर लिहीत नाही. कागदपत्रांचं मात्र ऐका. जन्म ३१ डिसेंबर १९७९ नंतरचा असेल तर आधी शस्त्रसुरक्षेचं प्रमाणपत्र, मग परवाना. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर परवाना मिळेपर्यंत मित्राची बंदूकसुद्धा हातात घेऊ नका. फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायला मनाई आहे, शिकारीचा परवाना असला की त्यातून सूट मिळते.

आता मुख्य गोष्ट. ज्या जॅकेटात शिकारीला जाणार, तेच जॅकेट घालून सराव करा. गेल्या मोसमात मी हेच विसरलो. उन्हाळाभर टी-शर्टवर सरावासाठी हवेत सोडलेल्या मातीच्या तबकड्या फोडल्या, आणि थंडीत कोंबडा (फेझंटचा नर) उडाला तेव्हा दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, काखेतच अडकला. जाड कपड्यांमुळे दस्ता जणू अर्धा-पाऊण इंच लांब होतो. मग तो खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर बसतो, गाल लाकडाला टेकत नाही, डोकं वर राहतं आणि छर्रे पक्ष्याच्या वरून जातात. शॉटगनला, म्हणजे छर्र्यांच्या बंदुकीला, नेम धरायची मागची माशी नसते, तिचं काम तुमचा डोळाच करतो. तो हलला की नेम हलला.

भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर कायदेशीर शिकार जवळपास उरली नाही, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात बंदूक इकडे आल्यावर, तिशी-चाळिशीत येते. खांद्याला लावायची सवय अंगात मुरलेली नसते, ती मुद्दाम मुरवावी लागते. रोज दहा मिनिटं पुरतात. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. जॅकेट घाला, हो, घरातसुद्धा. नळीच्या तोंडात बसेल असा छोटा टॉर्च बसवा आणि उजेडाचा ठिपका भिंत आणि छत मिळतात त्या रेषेवरून सरकवत बंदूक उचला. आधी नळी पुढे, मग दस्ता गालाला, शेवटी खांद्याला. ठिपका रेषा सोडून खाली-वर उडाला तर उचल चुकली. दस्ता कापडात अडकत असेल तर त्याच्या मागच्या टोकाचं रबर गुळगुळीत करून घ्या किंवा दस्ता थोडा आखूड करून घ्या. जॅकेट घालूनच मापं द्या!

कुठला डोळा प्रबळ आहे ते तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबावर अंगठा धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याने बघताना अंगठा जागचा हलत नाही तो प्रबळ. उजव्या खांद्यावरून मारता आणि डावा डोळा प्रबळ निघाला, तर चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटी चिकटपट्टी लावा.

कागदावर मारून बघायचा कंटाळा करू नका. ४० यार्डांवर ३० इंचांचं वर्तुळ काढा आणि त्यात छर्रे किती, यापेक्षा पुंजका कुठे पडतो ते आधी बघा. फेडरल पाणपक्षी क्षेत्रांत शिसं चालत नाही. पोलादी छर्रा शिशापेक्षा दाट पुंजका करतो, म्हणून चोक (नळीच्या तोंडाचा अरुंद भाग) एक पायरी मोकळा घ्या, आणि शिशाचा पाच नंबर वापरत असाल तर पोलादाचा तीन, म्हणजे मोठा छर्रा.

तबकड्यांवर सराव करताना बंदूक आधीच खांद्याला लावून 'पुल' (तबकडी सोडायची हाक) म्हणू नका. कोंबडा तुम्हाला विचारून उडत नाही. दस्ता कमरेजवळ, सेफ्टी लावलेली, अंगात जॅकेट.

प्रत्यक्ष दिवशी नजर गळ्यातल्या पांढऱ्या कड्यावर ठेवा. लांब शेपटी डोळ्याला फसवते आणि छर्रे मागे पडतात. असा पक्षी जखमी होऊन गवतात पळतो आणि कुत्र्यालाही सापडत नाही, हे फार वाईट. चाप ओढल्यावरही नळी फिरती ठेवा. पक्ष्याखाली आकाश दिसल्याशिवाय गोळी नको. मादी असेल तर सोडा. नऊच्या आधी सुरुवात नको. हातमोजे पातळ. पडलेल्या जागेवरून नजर काढू नका. आणि निघण्याआधी गाडीपाशी, तेच जॅकेट घालून, रिकामी बंदूक सुरक्षित दिशेला चार-पाच वेळा उचलून बघा.