‘त्सायोन’चा अर्थ लावताना या चुका टाळा

‘त्सायोन’ हा शब्द हिब्रू बायबलमध्ये केवळ दोनदा येतो, आणि तोही यशयाच्याच पुस्तकात: 25:5 आणि 32:2. कोरडेपणा किंवा रखरखीत जागा हा त्याचा अर्थ.

सर्वांत जुनी चूक म्हणजे त्याला ‘सियोन’, म्हणजे यरुशलेम नगराचे दुसरे नाव, समजणे. त्सादे, योद, वाव आणि नून हीच चार अक्षरे दोन्ही शब्दांत असल्यामुळे स्वरचिन्हांविना लिहिलेल्या मजकुरात ते वेगळे ओळखता येत नाहीत. सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात म्हणूनच दोन्ही ठिकाणी सियोन आले, आणि 25:5 मधील कोरड्या जागेतल्या झळांऐवजी सियोनेत तहानलेली माणसे वाचकापुढे उभी राहिली. त्या भाषांतरकारांना फार दोष देता येणार नाही, कारण मसोरा परंपरेच्या, म्हणजे हिब्रू बायबलचा पाठ जपणाऱ्या यहुदी विद्वानांनी स्वरचिन्हे लिहून ठेवली ती कित्येक शतकांनंतर. आज मात्र ही सबब चालत नाही. त्सादेखाली ‘कामेत्स’ (‘आ’चे स्वरचिन्ह) असेल तर त्सायोन आणि ‘हिरेक’ (‘इ’चे स्वरचिन्ह) असेल तर सियोन, एवढे तपासले तरी पुरते. ज्याला स्वरचिन्हांचा भरवसा वाटत नाही, त्याने शेजारचे शब्द पाहावेत. 32:2 मध्ये अलीकडे पाण्याचे प्रवाह आणि पलीकडे शिणलेल्या भूमीतील प्रचंड खडकाची सावली असताना मध्येच नगराचे नाव येण्याचे कारण नाही.

स्ट्राँगच्या बायबल शब्दसूचीत प्रत्येक मूळ शब्दाला दिलेल्या क्रमांकांनी शब्द शोधणाऱ्यांनी 6724 हाच घ्यावा. 6725 म्हणजे ‘त्सियून’, अर्थात खुणेचा दगड, आणि 6726 म्हणजे सियोन. ही चार अक्षरे भाषांतर-यंत्रात टाकून मिळालेले उत्तर तर मुळीच ग्राह्य धरू नये, कारण आधुनिक हिब्रूत त्यांचा अर्थ परीक्षेतले गुण असाही होतो.

याच्या उलट, ‘सियोन म्हणजेच कोरडी जागा’ असेही ठामपणे सांगितले जाते. तशी व्युत्पत्ती सुचवली गेली आहे खरी, परंतु तिच्यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

त्सायोनला सरसकट ‘वाळवंट’ म्हणू नये. बायबलमधील ‘मिद्बार’ हा रानाचा, जेथे कळप चरतात अशा ओसाड प्रदेशाचा शब्द आहे. त्सायोनमध्ये भर कोरडेपणावर आहे.

25:5 मध्ये त्सायोनच्या आधी येणारा ‘होरेव’, म्हणजे कोरडी उष्णता, हाही असाच फसवा आहे. त्याच व्यंजनांनी ‘हेरेव’, म्हणजे तलवार, हा शब्द बनतो, आणि हाग्गय 1:11 मध्ये ग्रीक भाषांतराने अवर्षणाच्या जागी तलवारच वाचली आहे.