जुन्या ॲम्प्लिफायरची घरघर कशी थांबली
१९७०च्या दशकातील माझ्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरची घरघर व्हॉल्यूम शून्यावर आणूनही कमी होत नव्हती, त्यामुळे मला वीजपुरवठ्यावर संशय आला. ५० हर्ट्झच्या विजेचे डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करताना १०० हर्ट्झची लहर उरते आणि ती सपाट करणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतराने आतून कोरडे पडतात. प्लग काढून मुख्य कपॅसिटरमधील विद्युतभार रेझिस्टरमधून उतरवला, मीटरने खात्री केली आणि मगच तितक्याच मायक्रोफॅरडचे (म्हणजे तितक्याच धारकतेचे), पण थोड्या अधिक व्होल्टेज क्षमतेचे नवे कपॅसिटर बसवले. येथे ध्रुव नीट तपासावेतच, कारण उलटा जोडलेला कपॅसिटर फुटू शकतो. पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये, म्हणजे वीज त्यातूनच ॲम्प्लिफायरकडे जाईल असा, साधा फिलामेंटचा बल्ब जोडला होता. तो क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे कुठे शॉर्ट नव्हता. स्पीकर जोडण्यापूर्वी आउटपुटवरील डीसी व्होल्टेजही मोजले, कारण ते जास्त असेल तर स्पीकर जळू शकतो. घरघर पूर्णपणे थांबली.

दुरुस्तीऐवजी नवा घ्यायचा, तर स्वस्त क्लास-डी (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करून चालणारा) ॲम्प्लिफायर कमी तापतो आणि वीजही वाचवतो, हे खरे. परंतु त्यावर छापलेले वॅट पुष्कळदा १० टक्के डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज बराच बिघडलेला असताना, मोजलेले असतात. ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल तोवर मी दुरुस्तीच निवडेन. तो जळाला असेल, तर मात्र नवा घेणे मला रास्त वाटते.