कारशेडला नवीन लागताय? ‘टेस्टेड ओके’ लिहायच्या आधी वाचा

आयटीआय करून मुंबईच्या लोकलच्या कारशेडला येताय म्हणजे पँटो (छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा), बोगी, ब्रेक ब्लॉक माहितीये असं धरतो. कुर्ला, कळवा, सानपाडा, कांदिवली, कुठलंही शेड असो, खरी धावपळ रात्री, शेवटची लोकल आत आल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंत. पहिले काही महिने झोपेचं वाटोळं होतं, मग शरीर ऐकतं, घाबरू नका.

आता मला ज्याने रडवलं ते सांगतो. रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी, कंप्लेंटवर शेडला येतो, मोटरमनने लिहिलेलं असतं की अमुक मोटर कोच (गाडी ओढणाऱ्या मोटरी असलेला डबा) मध्येच कट होतो, म्हणजे ओढायचा बंद होतो. तुम्ही पिटवर, म्हणजे गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर, घेता, सगळं चेक करता, एकदम मक्खन. सीनियर म्हणतो लिही ‘टेस्टेड ओके’, आणि संध्याकाळच्या पीकला तोच रेक, तोच कोच, तीच कंप्लेंट, आणि रजिस्टरला सही कोणाची तर तुमची. अरे पण पिटवर गाडी रिकामी असते, सरळ रुळावर उभी असते, कोरडी असते. लाइनवर तिच्यात चार-साडेचार हजार माणसं कोंबलेली, क्रॉसओव्हरवर (गाडी रूळ बदलते तिथे) डबा या कुशीवरून त्या कुशीवर होतोय, वरून पाऊस. दोन डब्यांमधल्या जंपरची (जोडणाऱ्या केबलची) एखादी पिन जराशी आत सरकलेली असेल तर उभ्या गाडीत कॉन्टॅक्ट धरून ठेवते आणि हलली की सोडते. पावसाने आलेला फॉल्ट तर शेडला येईपर्यंत वाळून जातो, मग सापडणार काय, कपाळ?

म्हणून एकाने कॅबमध्ये इंडिकेशनकडे बघत बसायचं आणि दुसऱ्याने जंपर हाताने हलवायचा, कनेक्टर उघडून पिना डोळ्यांनी बघायच्या, हिरवट काळपट पडलीये का, बाकीच्यांपेक्षा खोल गेलीये का. त्याआधी त्या कोचचं जुनं रजिस्टर चाळा, तीच कंप्लेंट वेगवेगळ्या शब्दांत आधी दोनदा लिहिलेली निघते. आणि मोटरमनला फोन लावा. कुठल्या स्टेशनपाशी, पाऊस होता का, न्यूट्रल सेक्शननंतर (तारेत सप्लाय नसलेल्या तुकड्यानंतर) झालं का. लोक लाजतात, का ते मला अजून कळलेलं नाही.

‘सही मार, पुढचं पुढे बघू’ म्हणणारे काका प्रत्येक शेडला असतात, चहा पाजतात, स्वभावाने गोड असतात, पण त्यांच्याकडून काम शिकू नका. कमी बोलणारा, स्वतःचा टॉर्च घेऊन गाडीखाली जाणारा टेक्निशियन शोधा आणि त्याची बॅग उचला.

एका गोष्टीत मात्र दयामाया नाही. पँटो खाली आला म्हणजे छतावर चढायला मोकळे असं समजू नका, वरची तार २५ हजार व्होल्टची आहे आणि ती जिवंतच असते. पॉवर ब्लॉक (तारेचा सप्लाय बंद), आयसोलेटर, अर्थिंग, परमिट हातात, मगच शिडी. थ्री फेज रेकमध्ये तर सप्लाय गेल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो, डिस्चार्ज झाल्याची खात्री केल्याशिवाय बॉक्स उघडायचा नाही, कितीही घाई असो.

अप्रेंटिस म्हणून येणाऱ्यांनो, ही पर्मनंट नोकरी नाही हे घरी आधीच सांगून टाका. रेल्वेच्या लेव्हल १ (सगळ्यात खालच्या ग्रेडच्या) भरतीत कोर्स पूर्ण केलेल्यांना २० टक्के आरक्षण आहे, पण परीक्षा द्यावी लागते, तेव्हा पुस्तकं गावाला ठेवून येऊ नका.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर जॉइन होत असाल तर मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) धरायला लगेच शिकून घ्या, पाण्यातून आलेल्या रेकच्या ट्रॅक्शन मोटर तपासायला पहिला नवीन पोरालाच पाठवतात.