सापांच्या नावांचा आणि आढळाचा संदर्भकोश कसा उभारावा

महाराष्ट्रातील सापांची नावे आणि त्यांचा आढळ यांचा संगणकीय कोश करायचा असेल, तर जाती, नावे आणि नोंदी यांचे तीन स्वतंत्र तक्ते आधी आखून घ्यावेत. सगळे एकाच तक्त्यात भरणे सुरुवातीला सोपे वाटते. परंतु साप तोच राहून नाव बदलते, तेव्हा शेकडो ओळी दुरुस्त कराव्या लागतात. म्हणून प्रत्येक जातीला कायमचा क्रमांक द्यावा आणि नावे व नोंदी त्या क्रमांकाशी जोडाव्यात.

शास्त्रीय नाव रोमन लिपीतच ठेवावे आणि त्यापुढे नामकर्ता व वर्ष लिहावे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नागाला ‘कोल्युबर नाजा’ म्हटले. पुढे तो ‘नाजा’ या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, गेला, म्हणून आज लिनियसचे नाव व वर्ष कंसात येतात. हा कंस गाळला, तर प्रजाती बदलल्याची खूण पुसली जाते. मराठी नावांना तर अधिकच जपावे लागते. दिवड आणि विरोळा ही एकाच सापाची नावे आहेत, तर डुरक्या घोणस ही घोणस नव्हेच. ती बिनविषारी आहे. ‘घोणस’ असा शोध घेतल्यावर दोन्ही समोर येणार असतील, तर विषारी-बिनविषारी हा रकाना नावाला लागूनच हवा.

खरी कसोटी हरणटोळ या झाडावरच्या हिरव्या सापाची आहे. जुन्या नोंदींत तो सर्रास ‘अहेतुला नासुता’ म्हणून येतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे नाव श्रीलंकेतील सापापुरते मर्यादित केले आणि भारतातील हरणटोळ अनेक जातींत विभागले गेले. उत्तर सह्याद्रीत ‘अहेतुला बोरियालिस’ ही जात आहे, तर द्वीपकल्पाच्या सखल मुलखात ‘अहेतुला ऑक्सिरिंका’. अशा वेळी एका आज्ञेसरशी जुनी नावे बदलून टाकणे हा माझ्या मते कोशाशी केलेला सर्वांत मोठा अन्याय ठरतो. नोंदकर्त्याने लिहिलेले नाव एका रकान्यात जसेच्या तसे राहू द्यावे. आजची ओळख दुसऱ्या रकान्यात, ती कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे ठरवली यासह लिहावी. छायाचित्र किंवा नमुना नसेल, तर ‘हरणटोळ, जात अनिश्चित’ एवढेच लिहून थांबावे.

ठिकाणाचेही तसेच आहे. १९८१ पूर्वीच्या नोंदीतील ‘रत्नागिरी जिल्हा’ आजच्या सिंधुदुर्गातला असू शकतो आणि २०१४ पूर्वीचे ‘ठाणे’ आजचे पालघर असू शकते. म्हणून गावाचे नाव मूळ शब्दांत ठेवून अक्षांश-रेखांश दशांशात निराळे लिहावेत आणि ते किती मीटरपर्यंत चुकू शकतात हेही नमूद करावे. नोंद नसलेला तालुका नकाशावर ‘आढळत नाही’ असा रंगवू नये, कारण तिथे कदाचित कोणी शोधलेलेच नसते.

मांडुळाची चोरटी खरेदी-विक्री चालते, त्यामुळे त्याचे अचूक ठिकाण मूळ तक्त्यातच राहावे. सर्वांसाठी खुल्या प्रतीत केवळ तालुका दाखवावा.