गठ्ठ्यांना हात लावण्यापूर्वी

पोलिसांचं जुनं दप्तर हाती आलं की ओळखीची नावं शोधायची ओढ लागते. ती आवरा. जुलै 2005 मध्ये ग्वाटेमाला शहरात राष्ट्रीय पोलिसांचं दप्तर सापडलं, अंदाजे 8 कोटी पानांचं. 1960 ते 1996 च्या यादवीतले मृत आणि बेपत्ता मिळून 2 लाखांच्या घरात; घरच्यांना नावं हवीच होती. तो शोध दुसऱ्या तुकडीकडे द्या. एवढी पानं वाचून होत नाहीत, म्हणून त्यातले थोडे कागद उचलून नमुना काढतात. नमुना काढणाऱ्यांनी एवढंच सांगायचं असतं, की या ढिगात कशा प्रकारचे कागद किती आहेत आणि ते कुणाकडून कुणाकडे गेले.

आधी नकाशा. पेशवे दप्तरातल्या रुमालांवर (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांवर) क्रमांक तरी असतात. ग्वाटेमालात वटवाघळं, उंदीर आणि ओल यांत पडलेले गठ्ठे होते, सूची नव्हतीच. म्हणून जागेचीच सूची करायची. प्रत्येक खोली, कपाट, फडताळ, जमिनीवरचा ढीग टेप लावून मोजा, त्या मापांतून यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे) बिंदू काढा आणि नेमके तिथलेच कागद उचला. दाराजवळचा, कोरडा, सुवाच्य गठ्ठा आधी हाताशी येतो आणि आकडे तिथेच बिघडतात. अडगळीतला बिंदू निघाला तर अडगळीत शिरा. कुठला कागद निवडला जाण्याची शक्यता किती होती, हे त्याच वेळी नोंदवा. पुढे भारांक देताना (म्हणजे एक कागद ढिगातल्या किती कागदांच्या वतीने मोजायचा हे ठरवताना) ती नोंद नसेल तर सगळी मेहनत फुकट.

दप्तरवाल्यांशी वेळापत्रक ठरवून घ्या. ते साफसफाई करतात, खोके हलवतात (त्यांचं बरोबरच आहे, कागद वाचवायचे असतात), पण कालच्या मापांचा आज उपयोग राहत नाही. हलवाहलवीची वही दोघांची एकच ठेवा.

नोंदीचा तक्ता छोटा असू द्या: तारीख, पाठवणारा, घेणारा, कृत्याचा प्रकार. पेट्रोलच्या पावत्याही मोजायच्या, कंटाळा आला तरी. काही कागद दोघांना स्वतंत्रपणे नोंदवायला देऊन उत्तरं किती जुळतात ते तपासा. जुळत नसतील तर व्याख्या सुधारा, माणसांवर चिडू नका.

बळींची एकूण संख्या या नमुन्यातून काढू नका. जाळलेले आणि न लिहिलेले कागद त्यात येणार नाहीत. न्यायालयात त्याचा उपयोग वेगळा होतो. एडगर फर्नांडो गार्सिया हा कामगार कार्यकर्ता 1984 मध्ये बेपत्ता झाला. त्याच्याबद्दलचे कागद शोधूनच काढावे लागले. पण असे कागद एरवी कोणत्या वाटेने फिरत, हे नमुन्यावरून सांगता येतं. याच प्रकरणात 2013 मध्ये माजी पोलीसप्रमुख हेक्टर बोल दे ला क्रूझ याला 40 वर्षांची शिक्षा झाली, त्या खटल्यात संख्याशास्त्रीय साक्षही होती.

आणि डिजिटल प्रत देशाबाहेर ठेवायचं सुरुवातीलाच ठरवा. ग्वाटेमालाची प्रत स्वित्झर्लंडमध्ये आणि टेक्सास विद्यापीठात आहे. 2018 मध्ये त्या दप्तराच्या संचालकांना पदावरून हटवण्यात आलं.