जुनी लेन्स लावून मॅक्रो (किड्यांसारख्या बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो) काढताय? या चुका टाळा

मिरगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या वावरात धुऱ्यावर लाल मखमली किडे निघतात, मिरगाचे किडे. थोड्या दिवसांचा खेळ, मग थेट पुढच्या साली. पहिल्या वेळी मी एम 42 वाली (आट्यांची) जुनी लेन्स हेलिओस 44-2 ॲडॉप्टरवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कडीवर चढवली, चिखलात पालथा पडलो, फोकस जमवला, बटन दाबलं अन् काहीच नाही. शटर उडेचना! वाटलं कॅमेरा गेला कामातून. गेला-बिला काही नव्हता, त्याला वाटत होतं पुढं लेन्सच नाही. सोनीत 'रिलीज विदाऊट लेन्स' अन् फुजीत 'शूट विदाऊट लेन्स' चालू करायचं असतं, बस. तोवर किडा गवतात.

सगळी गोम इथंच आहे राजेहो. साध्या ॲडॉप्टरमध्ये ना चिप ना काँटॅक्ट, म्हणून पुढं काय लावलंय ते कॅमेऱ्याला कळतच नाही, अन् एरवी तो जी कामं गुपचूप उरकायचा ती सगळी आपल्या डोक्यावर येतात. आपण मात्र लेन्सलाच सॉफ्ट म्हणून मोकळे.

बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा मिमीतला आकडा, हातानं भरा. 50 ची लेन्स लावली अन् मेनूत मागच्या वेळचे 135 तसेच राहिले तर फोटो स्थिर व्हायचा सोडून उलटा हलतो, मी अख्खी सकाळ यात घालवलीय. अन् भरलं तरी 1:1 ला (किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा पडतो तेव्हा) त्याच्यावर फार विसंबू नका, तिथं कॅमेरा नुसता कलत नाही, पूर्णच इकडून तिकडं सरकतो.

लेन्स घेताना ॲपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची) रिंग आहे का बघा. निकॉनच्या 'जी' (G) प्रकारच्या लेन्सला रिंग नसते, साध्या ॲडॉप्टरवर ती सगळ्यात बारीक छिद्रावर अडकून बसते (स्वतःची रिंग असलेला ॲडॉप्टर मिळतो, तो घ्या). कॅननची ईएफ उलट, बिनचिपच्या ॲडॉप्टरवर पूर्ण उघडीच राहते. एम 42 मध्ये काही लेन्सला मागं पिन असते, ती दाबणारा ॲडॉप्टर नसेल तर 'ऑटो'वर रिंग कितीही फिरवा, छिद्राची पाती हलत नाहीत. काचवाला ॲडॉप्टर तर घेऊच नका, मिररलेसला (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला) त्याची गरज नाही अन् ती काचच फोटो खराब करते.

आता ट्यूब, म्हणजे लेन्स अन् कॅमेऱ्याच्या मधात लावायची पोकळ नळी. किडा सेन्सरवर किती मोठा पडेल त्याचा हिशेब सोपा आहे, ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंथ. लेन्स इन्फिनिटीवर असताना 50 च्या लेन्सला 25 मिमी ट्यूब म्हणजे अर्धा आकार, 50 मिमी म्हणजे 1:1. मग कोणी विचार करतो की 28 च्या लेन्सला थोडक्या ट्यूबमध्येच 1:1 होईल. होतं की, पण किडा जवळपास काचेलाच टेकवावा लागतो, उजेड कुठून येणार? मॅक्रोला 50 ते 100 ची लेन्स बरी. अन् सगळ्यात मोठी चूक, डेप्थ (पुढून मागपर्यंत स्पष्ट) पाहिजे म्हणून रिंग एफ 16 वर, बारीक छिद्रावर नेणे. 1:1 ला दोन स्टॉप उजेड जातो (चौथा हिस्साच उरतो) अन् रिंगवरचा 16 खरा 32 होतो, मग डिफ्रॅक्शननं (बारीक छिद्रातून उजेड पसरल्यानं) पऱ्हाटीवरचा मावा हिरव्या डागासारखा दिसतो. रिंग 5.6 ते 8 वर ठेवा, डेप्थ कमी पडली तर फोकस थोडा-थोडा सरकवत तीन-चार फोटो काढून स्टॅक करा, म्हणजे एकात एक जोडा.

फोटो धुरकट येतोय? लेन्सला शिव्या द्यायच्या आधी ट्यूबमधून खिडकीकडं बघा. स्वस्त ट्यूब आतून चमकते, तोच उजेड सेन्सरवर सांडतो. आत काळी वेल्वेट चिकटवा, फरक लगेच दिसतो.

पीकिंगचे (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीचे) लाल-पिवळे दाणे डोळ्यावर चमकले म्हणजे फोकस बसला असं नाही. ॲपर्चर उघडं ठेवून मॅग्निफाय करा, मग रिंग 8 वर आणा. फोकस रिंगनं नको, अंग थोडं पुढं-मागं करून धरायचा.

फ्लॅशवाल्यांचे नेहमीचे दोन रडगाणे: 'स्क्रीन काळी दिसते' अन् 'फ्लॅश उडत नाही'. पहिल्यात मेनूतला लाईव्ह व्ह्यूचा सेटिंग इफेक्ट बंद करा, दुसऱ्यात सायलेंट शटर. फ्लॅशसमोर दुधाची धुतलेली पिशवी बांधली की उजेड मऊ पडतो.

कापूस वेचणी चालू असताना वावरात लेन्स बदलू नका, तंतू थेट सेन्सरवर. बदलायचीच वेळ आली तर कॅमेरा बंद, तोंड खाली. अन् उन्हाळ्यात जुनी लेन्स मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवू नका, आमच्याकडच्या 45 डिग्रीत हेलिकॉइडचं (फोकस रिंगच्या आतल्या आट्यांचं) ग्रीस पातळ होऊन तेल पात्यांवर उतरतं. पावसाळ्यात याच्या उलट भीती, चामड्याच्या केसमध्ये ओल धरून बुरशी लागते, डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

वाऱ्याचं मात्र कोणत्याच मेनूत उत्तर नाही. हिवाळ्यात दव असताना, ऊन चढायच्या आत जा, किडे गारठून बसलेले असतात, अन् डाव्या हातानं फांदी धरून तोच हात लेन्सखाली टेकवा, म्हणजे हललं तर दोन्ही एकाच वेळी हलतं.